खंड्याची आंघोळ आणि मानेवरचे औषध

आमच्या कुत्र्याचे नाव पाण्यात सूर मारणाऱ्या पक्ष्यावरून खंड्या आहे आणि ते त्याने स्वतः कमावलेले आहे. चिपळूण तालुक्यातील आमच्या घरामागून एक पऱ्या, म्हणजे लहान ओढा, वाहतो. पावसाळ्यात तो भरला की हा तांबूस रंगाचा, अठरा किलो वजनाचा गावठी कुत्रा दिवसातून दोन-तीन वेळा काठावरून थेट पाण्यात सूर मारतो आणि मग पडवीत येऊन सगळ्यांच्या अंगावर पाणी झाडतो. नाव ठेवताना आम्हांला त्याची गंमत वाटली होती. गेल्या आषाढात त्याच्या अंगावर पिसवा झाल्या आणि त्या घालवायच्या तर या खंड्याला सलग काही दिवस कोरडे ठेवावे लागेल असे समजले, तेव्हा मात्र ती गंमत ओसरली.

सुरुवात झाली ती कुरतडण्याने. शेपटीच्या बुडाशी, पाठीच्या शेवटच्या टप्प्यात तो दातांनी कुरतडत राही आणि तिथले केस विरळ होऊन खालची कातडी लाल दिसू लागली. मला ती पावसाळी खाज वाटली. सासूबाईंनी मात्र पडवीत बसल्या बसल्या निदान केले, कारण त्यांच्या घोट्यांवरही बारीक लाल गांधी उठल्या होत्या. "गो, ह्याला पिसवा झाल्यात. आता त्या माझ्याही पायांवर चढतात," असे म्हणून त्यांनी त्यांची जुनी, बारीक दातांची फणी काढून दिली. एके काळी घरातल्या मुलींच्या उवा काढणारी ती फणी खंड्याच्या कमरेवरून फिरवली, तेव्हा दातांत चहाच्या भुकटीसारखे काळे कण आले. ते कण ओल्या पांढऱ्या फडक्यावर ठेवल्यावर थोड्याच वेळात प्रत्येक कणाभोवती तांबडे-तपकिरी वर्तुळ उमटले. ती माती नव्हती, पिसवांची विष्ठा होती, म्हणजे खंड्याचेच पचलेले रक्त. पिसू डोळ्यांना दिसली नाही तरी ही खूण चुकत नाही.

यानंतर मी जे केले ते सगळे चुकीच्या क्रमाने केले, आणि ते तपशिलाने सांगते, कारण औषध वाया कसे जाते हे मला त्यातूनच कळले. रविवारी दुपारी मी खंड्याला भांडी घासण्याच्या पातळ साबणाने खसाखसा घासून काढले. मेणचटपणा जावा, कातडी अगदी स्वच्छ व्हावी आणि मग औषध चांगले मुरावे असा माझा हिशेब होता. संध्याकाळी, केस अजून ओलसर असतानाच, दुकानातून आणलेली फिप्रोनिल या पिसवांवरच्या औषधाची पिपेट, म्हणजे छोटी नळी, मी त्याच्या पाठीवर केसांवरूनच ओतली. सोमवारी सकाळी साहेब पऱ्यात उतरले. बुधवारी त्याच्या अंगाला इतका वास येऊ लागला की मी त्याला पुन्हा आंघोळ घातली, शिवाय फणीत दोन जिवंत पिसवा सापडल्यामुळे या वेळी साबण जरा जास्तच वापरला. आठवड्याच्या शेवटी पिसवा होत्या तितक्याच होत्या, आणि औषध बनावट आहे असा निष्कर्ष काढून मी मोकळी झाले.

तक्रार घेऊन दुकानात गेले तर तिथे मला दुसरे, अधिक जोरकस औषध दाखवण्यात आले. त्याने पिसवांबरोबर गोचीडही जाते आणि डासही अंगावर बसत नाहीत, असे सांगण्यात आले. शेजारच्या घरून वेगळाच सल्ला आला होता की गुरांच्या गोचिडीचे औषध बादलीभर पाण्यात टाकून त्यानेच कुत्रा धुवावा, फार तर चार आण्यांचा खर्च. मी दोन्ही ऐकून घेतले, आधीच्या औषधाचे रिकामे खोके पिशवीत टाकले आणि चिपळूणला पशुवैद्य बाईंकडे गेले. त्या दिवशी तेवढी एक गोष्ट माझ्या हातून शहाणपणाची झाली.

खंड्याच्या पाठीवरून हात फिरवण्याआधीच त्यांनी विचारले, "ताई, घरात मांजर आहे का?" आहे. मनी आहे, आणि ती थंडी-पावसात खंड्याच्या पोटाला टेकून झोपते. मला दाखवलेल्या त्या दुसऱ्या औषधात परमेथ्रिन होते. कुत्र्याचे शरीर ते पचवते, पण मांजराच्या यकृताला ते नीट मोडून काढता येत नाही. त्यामुळे औषध लावलेल्या कुत्र्याला चाटून किंवा त्याच्या ओल्या पाठीला घासून मांजराला कापरे भरते, झटके येतात आणि वेळेवर उपचार न मिळाल्यास ते दगावू शकते. गुरांच्या औषधाविषयी त्यांचे मत याहून कडक होते. अंदाजाने पातळ केलेले कीटकनाशक जखमा झालेल्या कातडीवर ओतायचे आणि मग कुत्र्याने ते दिवसभर चाटायचे, यात त्यांना काही काटकसर दिसत नव्हती.

मग त्यांनी माझ्या रविवार ते बुधवारच्या कारभाराचा पंचनामा केला. फिप्रोनिल कुत्र्याच्या रक्तात जाऊन काम करत नाही. मानेवर टाकलेले औषध कातडीवरच्या नैसर्गिक तेलात मिसळते, त्या तेलाच्या पातळ थरातून साधारण दिवसभरात सर्वांगावर पसरते आणि केसांच्या मुळाशी असलेल्या तैलग्रंथींत साठून राहते. पुढे महिनाभर तेल पाझरेल तसे औषधही त्याच्याबरोबर थोडे थोडे वर येत राहते. मला एकदम लोणच्याची बरणी आठवली. वरचा तेलाचा थर आहे तोवर लोणचे टिकते. मी तो थर भांड्यांच्या साबणाने खरवडून काढला होता आणि मग लोणचे का टिकत नाही म्हणून दुकानदाराशी भांडत होते. त्यातून औषध केसांवर ओतल्यामुळे बरेचसे कातडीपर्यंत पोचलेच नव्हते, आणि जे पोचले ते ग्रंथींत साठण्यापूर्वीच आधी पऱ्यात आणि नंतर माझ्या दुसऱ्या आंघोळीत वाहून गेले. औषध खरेच होते. ते अंगावर राहू दिले गेले नव्हते.

त्यांनी दिलेला क्रम साधा होता. आधी कुत्र्यांसाठी असलेल्या सौम्य शांपूने आंघोळ. मग पूर्ण दोन दिवस काही करायचे नाही, म्हणजे कातडी आतपर्यंत सुकते आणि तेलाचा थर पुन्हा धरतो. त्यानंतर औषध, आणि औषधानंतर पुन्हा किमान दोन दिवस आंघोळ नाही, पाऊस नाही, पऱ्या नाही. पुढच्या महिन्यात आंघोळ लागलीच तर आठवड्यातून एकदाच्या वर नाही. हा हिशेब सगळ्याच औषधांना लागू नाही, हेही त्यांनी सांगितले. मानेवर टाकायच्या औषधांपैकी सेलामेक्टिन कातडीतून शरीरात शोषले जाते, त्यामुळे त्यानंतर दोन तासांनी कुत्रा भिजला तरी चालतो. फ्लुरालानर किंवा अफॉक्सोलानरसारख्या पोटातून द्यायच्या गोळ्यांचा तर आंघोळीशी काहीच संबंध येत नाही. पाण्यात लोळणाऱ्या कुत्र्याला गोळीच सोयीची, हे उघड आहे. पण खंड्याला पिल्लू असताना दोनदा झटके आले होते, आणि या गटातल्या गोळ्यांविषयी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये अशा कुत्र्यांच्या बाबतीत सावधगिरीची सूचना दिलेली आहे. म्हणून आमच्या वाट्याला तेलातले औषधच आले, आणि तेही कोकणातल्या आषाढात.

दुसऱ्या खेपेची आंघोळ मी गुरुवारी सकाळी घातली. बंबातले पाणी विसण घालून कोमट केले. कढत पाण्याने खाज वाढते. कानांत कापसाचे बोळे ठेवले. अंग भिजवण्याआधी सर्वांत प्रथम मानेभोवती शांपूचा जाड फेसाचा पट्टा ओढला, कारण पाणी अंगावर पडताच पिसवा कोरड्या जागेकडे, म्हणजे कान, डोळे आणि हनुवटीकडे धाव घेतात, आणि हा पट्टा त्यांची वाट अडवतो. माझ्या पहिल्या आंघोळीत मी मागून सुरुवात केली होती, तेव्हा अर्ध्या पिसवा त्याच्या कपाळावर जमलेल्या मी स्वतः पाहिल्या होत्या. मानेपासून मागे सर्वांग फेसाळून दहा मिनिटे तसेच ठेवले. दहा मिनिटे हा काळ फेसाने माखलेल्या कुत्र्याला आणि त्याला धरून बसलेल्या माणसाला फार मोठा असतो. यजमानांनी त्याचे तोंड भाकरीच्या तुकड्यांनी गुंतवले, आणि मी तेवढ्यात फणी फिरवून तिच्यात येतील त्या पिसवा साबणाच्या पाण्याच्या वाटीत बुडवत गेले. साध्या पाण्यावर पिसू तरंगते आणि उडी मारून निघून जाते, साबणाच्या पाण्यात मात्र तळाशी जाते. वाटीत एकतीस मोजल्या आणि मग मोजणे सोडले. शेवटी बोटांना बुळबुळीत लागेनासे होईपर्यंत अंग धुतले, काखा आणि जांघा विशेषतः, कारण तिथे शांपू राहिला तर नवी खाज सुरू होते.

आता वाळवणे. ज्या दिवसांत धुतलेली चादर तिसऱ्या दिवशीही कुबट लागते, त्या दिवसांत दाट केसांचा कुत्रा वाळवायचा होता. सासूबाईंच्या जुन्या लुगड्याचे धडपे आणि यजमानांचे दोन पंचे वापरून झाले. लेकीने ठेवून गेलेले केस वाळवण्याचे यंत्र लावले तर खंड्या माळ्याच्या शिडीखाली जाऊन बसला, आणि त्याला बाहेर काढेपर्यंत वीज गेली. शेवटी बंबाच्या उबेला, आचेपासून हातभर अंतरावर, गोणपाटावर त्याला बसवले आणि दर अर्ध्या तासाने पंचा बदलला. वरून केस दुपारी तीनलाच कोरडे दिसत होते, पण मानेजवळ भांग पाडून बोट लावले की आतली लव रात्रीपर्यंत दमट लागत होती. दोन दिवस थांबा असे सांगण्यामागचे एक कारण मला तिथेच पटले. पावसाळ्यात ते दोन दिवस तेल धरण्यासाठी लागतात तितकेच नुसत्या वाळण्यासाठीही लागतात.

शनिवारी सकाळी औषध लावले. दहा ते वीस किलो वजनाच्या कुत्र्यासाठी १.३४ मिलिलिटरची पिपेट येते. खंड्याचे वजन खात्रीने कळावे म्हणून यजमानांनी त्याला उचलून रेशन दुकानाच्या काट्यावर उभे राहण्याची तयारी दाखवली, परंतु डॉक्टरांकडे केलेले वजन ताजे असल्यामुळे गाव त्या दृश्याला मुकले. दोन खांद्यांच्या मधोमध, जिथे त्याची जीभ पोचत नाही, तिथे केस दोन्ही बाजूंना सारून कातडीची पांढरट रेघ दिसू दिली आणि पिपेटचे टोक कातडीला टेकवून अर्धे औषध तिथे आणि उरलेले दोन बोटे खाली सोडले. केसांवर ओघळ आला नाही याचे मला उगीचच समाधान वाटले. हातात रबरी मोजे होते, तरीही नंतर हात साबणाने धुतले. हे औषध स्पिरिटमध्ये विरघळवलेले असते आणि ते पेट घेऊ शकते, म्हणून परवापर्यंत वाळवण्याच्या कामी आलेला बंब आता निषिद्ध झाला आणि खंड्याची रवानगी माजघरात झाली. मनीला तिची स्वतःची मांजरांसाठीची लहान पिपेट त्याच दिवशी लावली. कुत्र्याच्या अंगावर बहुतेक वेळा आढळणारी पिसू ही मुळात मांजराचीच जात असते, तेव्हा एकाला औषध देऊन दुसऱ्याला सोडण्यात अर्थ नव्हता. दोघेही वाळेपर्यंत एकमेकांना चाटू नयेत म्हणून मनी ओटीवर कोंडली गेली आणि तिने तो दिवस संपूर्ण घराला ऐकू जाईल अशा निषेधात घालवला.

पुढचे दोन दिवस आमच्या घरात संचारबंदी होती. खंड्याला शी-शूसाठी साखळी लावून, डोक्यावर छत्री धरून, पऱ्याच्या उलट दिशेला न्यायचे काम यजमानांकडे होते. कुत्र्यावर छत्री धरून स्वतः इरले पांघरलेला माणूस वाडीत चर्चेचा विषय होणारच, आणि तो झाला. पाय चिखलाने भरले की ओल्या फडक्याने फक्त पंजे पुसायचे, पाठीला हात लावायचा नाही. पऱ्याची बंदी केवळ औषध धुपू नये म्हणून नव्हती. फिप्रोनिल पाण्यातल्या जिवांना अत्यंत विषारी आहे, आणि औषध लावल्यावर किमान दोन दिवस कुत्र्याला वाहत्या पाण्यात सोडू नये, असे त्याच्या माहितीपत्रकातच लिहिलेले असते. इंग्लंडमधील २० नद्यांच्या पाण्याच्या तपासणीत बहुतेक नमुन्यांत फिप्रोनिल सापडले होते, आणि पाळीव जनावरांचे पिसवांचे औषध हा त्याचा एक संभाव्य उगम मानला गेला. आमच्या पऱ्यात आषाढात मुले खेकडे धरतात आणि चढणीचे मासे येतात. पहिल्या खेपेस, औषधानंतर बारा तासांच्या आत, मी खंड्याला त्याच पाण्यात जाऊ दिले होते. पैसे वाया गेल्याचे मला जितके वाईट वाटले होते त्याहून हे जास्त टोचले.

रविवारी रात्री मी पुन्हा घाबरले, कारण खंड्याच्या पाठीवर, केसांच्या अगदी वर, उघड्यावर पिसवा फिरताना दिसल्या. याआधी कधी इतक्या सहज दिसल्या नव्हत्या. फोनवर डॉक्टर हसल्या. हे औषध पिसवांच्या मज्जातंतूंवर काम करते; मरण्याआधी त्या बेभान होतात, लपायचे विसरतात आणि केसांच्या टोकांशी येतात. शिवाय फिप्रोनिलमुळे नवी पिसू अंगावर यायची थांबत नाही, ती येते आणि मग साधारण दिवसभरात मरते. सोमवारी फणीत आलेल्या पिसवांपैकी चार मेलेल्या होत्या आणि एक पाय झाडत पडली होती.

अंग सुटले तरी घर सुटले नव्हते. मादी पिसू दिवसाला चाळीस-पन्नासपर्यंत अंडी घालू शकते, आणि ती अंडी गुळगुळीत असल्यामुळे कुत्रा जिथे झोपतो तिथे गळून पडतात. त्यांतून निघालेल्या अळ्या उजेड टाळून फटींत शिरतात आणि त्याच काळ्या कणांवर जगतात. पुढे त्या कोश करून बसतात, आणि त्या कोशावर कुठलेही औषध फारसे चालत नाही. आमच्या पडवीची जुनी फरशी, तिच्या भेगा, गोणपाटांची चळत आणि हवेतला ओलावा यांनी त्यांची उत्तम सोय केली होती. खंड्याचे गोणपाट मी उकळत्या पाण्यात घातले, दोन फार जीर्ण होते ते बंबात गेले. पडवी रोज झाडली, केर दारात न टाकता लगेच जाळला आणि फरशीच्या भेगांत आधी चुना, नंतर सिमेंट भरून घेतले. तरीही तिसऱ्या आठवड्यात पुन्हा पाच-सहा पिसवा निघाल्या. ते औषधाचे अपयश नव्हते. कोश महिनोन्महिने थांबू शकतात आणि पावलांच्या हादऱ्याने, अंगाच्या उबेने फुटतात. म्हणून औषध सलग तीन महिने, दर महिन्याला ठरल्या दिवशी द्यायचे होते.

मधे एक गुंता झाला. कुरतडून झालेल्या जखमांत जंतुसंसर्ग झाला आणि क्लोरहेक्सिडीनचा औषधी शांपू दर आठवड्याला लावावा लागला. शांपू वगळला तर कातडी चिघळणार, वारंवार वापरला तर तेल जाणार. डॉक्टरांनी तारखा अशा बसवल्या की एक आंघोळ पिपेटच्या बरोबर दोन दिवस आधी यावी, पुढची औषधानंतर पूर्ण आठवडा उलटल्यावर आणि मग दर आठ दिवसांनी. शांपू दहा मिनिटे अंगावर ठेवायचा, पण घासायचे नाही. सासूबाईंना कडुनिंबाच्या पाल्याचे पाणी हवे होते, तेही शेवटच्या धुण्याला घातले. त्याने पिसवा मेल्या नाहीत. खंड्याला आणि सासूबाईंना बरे वाटले, आणि दोघांचीही तक्रार कमी झाली.

आंघोळीच्या पाण्याविषयीही मी एक बदल केला. न्हाणीतले पाणी पाटाने पोफळींच्या आळ्यांत जाते आणि जास्त झाले की पऱ्याला मिळते. आता खंड्याची आंघोळ औषध लावलेल्या महिन्यात असेल तर मी घरामागच्या उंचवट्यावर, फणसाखाली घालते, म्हणजे ते पाणी तिथल्या जमिनीतच जिरते. रिकामी पिपेटही पूर्वीसारखी परसात भिरकावत नाही.

कालनिर्णयवर आता दर महिन्याच्या दोन चौकोनांत माझ्या अक्षरात "खं. आंघोळ" आणि "खं. थेंब" असे लिहिलेले असते, मधे एक चौकोन कोरा. गणपतीच्या दिवसांत तिसरी पिपेट लागली. त्यानंतरच्या तिसऱ्या सकाळी मी मुद्दाम फणी फिरवली, ओल्या फडक्यावर काही उमटत नाही हे पाहिले आणि साखळी सोडली. खंड्या अंगणात क्षणभर घुटमळला, माझ्याकडे एकदा पाहिले आणि गडग्यावरून उडी टाकून पऱ्याच्या दिशेने दिसेनासा झाला.